घर चार महिने बंद राहणार आहे. चोरांपासून जपायला साधं, परवडेल असं काय करता येईल?

कृष्णाकाठ
आई-बाबांचं घर साताऱ्यात आहे. कॉलनीतलं बैठं घर, वर गच्ची, पुढं लोखंडी गेट आणि मागं न्हाणीघराकडे उघडणारा दुसरा दरवाजा. दिवाळी झाली की दोघंही धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला जाणार आहेत, ते शिमग्यापर्यंत तरी परत यायचे नाहीत. मी ठाण्यात असते, मला महिन्या-दीड महिन्यातून एखादी चक्कर मारता येईल.

गेल्या उन्हाळ्यात त्याच गल्लीत भरदुपारी दोन घरं फुटली. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागलाय. बाबा म्हणतात, एक दणकट कुलूप आणलं की झालं. मेहुणे म्हणतात, चारी बाजूंनी कॅमेरे बसवा. मला दोन्ही अपुरं वाटतं. घर भाड्यानं द्यायचं नाही. खर्च साधारण दहा-पंधरा हजारांत बसावा. ज्यांची घरं अशी बंद राहतात, किंवा ज्यांच्याकडे चोरी झालीय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

अंगणवेल
दागिने आधी बँकेच्या लॉकरमध्ये. बाकी सगळं नंतर.

लोहारकाम
माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ग्रिल आणि गेटची कामं करतो. घरफोडी झाल्यावर दार दुरुस्त करायला आम्हालाच बोलावतात, त्यामुळे चोर काय तोडतो ते डोळ्यांनी बघितलंय.

ताई, वर्तमानपत्रात बातमी कशी येते आठवा: 'बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून'. कुलूप शाबूत असतं. सात लिव्हरचं भारीतलं कुलूप कोयंड्यासकट जमिनीवर पडलेलं मी कितीदा पाहिलंय. कारण कोयंडा लाकडावर पाऊण इंचाच्या स्क्रूनं बसवलेला असतो. फटीत कटावणी घातली आणि अंगाचं वजन टाकलं की स्क्रू लाकडाचा भुगा घेऊन बाहेर येतात. बाबांना सांगा, नवं कुलूप घ्यायच्या आधी कोयंडा बघा.

उपाय स्वस्त आहे. अल्ड्रॉप (दाराची आडवी सरकती कडी) आणि कोयंडा दोन्हींना स्क्रूऐवजी आरपार बोल्ट मारायचे, आतल्या बाजूनं लोखंडी पट्टी देऊन त्यावर नट आवळायचे. बोल्टचं बाहेरचं डोकं गोल हवं, म्हणजे पाना लागत नाही. मग चौकट बघा. चौकट भिंतीत होल्डफास्टनं, म्हणजे गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, धरलेली असते. जुन्या घरात ते गंजतात आणि दार ढकललं की चौकटच हलते. दाराला खांदा लावून एकदा दाबून बघा. चौकटीच्या कडेचा गिलावा तडकलेला दिसला तर आधी गवंडी बोलवा.

आणि बिजागऱ्या. सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, म्हणजे बिजागरीची पिन बाहेरच्या माणसाच्या हातात. पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा टिपका मारून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

पाऊलवाट
लोहारकाम यांच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. आजच आमच्या दाराचे स्क्रू तपासले, तीनातले दोन हातानं फिरले.

खाकीतून_निवृत्त
नोकरीची बरीच वर्षं गुन्हे शाखेत गेली, म्हणून लिहितो.

पोलीस दप्तरी दिवसाची घरफोडी आणि रात्रीची घरफोडी वेगळी धरतात. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतची ती रात्रीची. दोन्हींतला चोर बहुधा वेगळा असतो. दिवसाचा चोर साधे कपडे, पाठीवर बॅग, असा रस्त्यानं चालत येतो. बेल वाजवतो. कुणी दार उघडलं तर पत्ता विचारून पुढं जातो. नाही उघडलं तर पाच-दहा मिनिटांत काम उरकून निघतो. त्याला फक्त एवढंच ठरवायचं असतं की घरात माणूस आहे की नाही. तुमच्या गल्लीत दुपारी चोऱ्या झाल्या म्हणता, म्हणजे तो असं बघत फिरून गेला असणार.

रात्रीची टोळी आदल्या दिवशी घर हेरून ठेवते. येताना शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घालते, म्हणजे आवाज झाला तरी कुणी बाहेर येऊ शकत नाही. हा प्रकार महाराष्ट्रभर चालतो. म्हणून ज्या दाराला बाहेरून कडी आहे आणि तिचा रोजचा उपयोग नाही, ती काढून टाका. शेजाऱ्यांनाही काढायला सांगा. आणि शेजाऱ्यांचे फोन नंबर एकमेकांकडे असू द्या. कडी लागली असली तरी फोन करता येतो.

दुसरं: घरात शिरल्यावर चोर पहिल्यांदा झोपायच्या खोलीतल्या कपाटाकडे जातो. निम्म्या वेळा ते फोडावंही लागत नाही. किल्ली कपाटावरच, गादीखाली किंवा घडी घातलेल्या साड्यांत मिळते. पंचनाम्यात 'कपाट किल्लीने उघडून' असं मी अनेकदा लिहिलंय.

जाण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात घर बंद राहणार असल्याचा लेखी अर्ज द्या, तारखा आणि तुमचा नंबर लिहून. बीटच्या गस्तीला ते घर लक्षात ठेवायला सांगितलं जातं. संशयास्पद काही दिसलं तर शेजाऱ्यांनी ११२ फिरवावा.

निरभ्र
काका, पण पोलिसांना सांगायचं, शेजाऱ्यांना सांगायचं, दूधवाल्याला सांगायचं, म्हणजे गावभर झालं की घर रिकामं आहे! मी तर कुणालाच सांगत नाही.

खाकीतून_निवृत्त
निरभ्र, चार दिवसांसाठी तुमचं चालेल. चार महिने घर बंद राहिलं की न सांगताही ते सगळ्यांना कळतं. मग ज्यांना कळून फायदा आहे त्यांना आपणहून सांगितलेलं बरं. दूधवाल्याला गावाला चाललो म्हणायची गरज नाही, 'पुढं सांगेन तेव्हा सुरू करा' एवढं पुरे.

अंगणवेल
आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर विमानतळाचे फोटो टाकू नयेत. आपल्या यादीत प्लंबर, इस्त्रीवाला, जुने भाडेकरू, कोण कोण असतं याचा पत्ता नसतो. फोटो परत आल्यावर टाका, ते शिळे होत नाहीत.

गुहागरी
आमचं कोकणातलं घर वर्षातले दहा महिने बंद असतं. गणपती आणि मे महिना सोडला तर कुणी नाही. सोनंनाणं तिथं ठेवायचा प्रश्नच नाही, पण आमच्याकडच्या चोऱ्या वेगळ्या. तांब्याची हंडी, पितळेची घंगाळं, समया, विहिरीवरचा पंप, वायर. दाराला हात न लावता मागच्या पडवीवरची चार कौलं काढून माणूस आत उतरतो. गेल्यावर कौलं परत जागच्या जागी. पावसाळ्यात गळायला लागलं की मग कळतं.

आम्ही ते एका गोष्टीनं थांबवलं. वाडीतल्या एका कुटुंबाला आमचं खळं आणि परसू वापरायला दिलं. ते तिथं भात झोडतात, लाकडं रचतात, ओसरीवर त्यांची पोरं अभ्यासाला बसतात. नारळ आणि रायवळ आंबे त्यांचे, कलमांचे आंबे अर्धे-अर्धे. काकू संध्याकाळी तुळशीपुढं दिवा लावतात. पैशाचा व्यवहार काही नाही. त्यानंतर घरातला एक चमचा हललेला नाही. ज्या अंगणात रोज झाडू फिरतो त्या घराकडे चोर वळत नाही, असं माझं ठाम मत आहे. साताऱ्यातही असं कुणी मिळालं तर बघा. एखादा कॉलेजचा मुलगा पुढच्या खोलीत अभ्यासाला येऊन बसला तरी चालेल.

लोहारकाम
गुहागरी, कौलांखाली वाशांना आडवी जाळी ठोकून घ्या. गंजू नये म्हणून गॅल्व्हनाइझची, वेल्ड केलेली. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी नको, ती पकडीनं कापतात.

साधीसरळ
आमच्या आजोळी पोपट होता. फाटकाचा आवाज आला की 'कोण आहे रेऽ' म्हणून आजोबांच्या आवाजात ओरडायचा. पोस्टमन रोज उत्तर द्यायचा, 'मीच हाय, आजोबा.'

रानवाटा
गोड आठवण आहे, पण ते आता करू नका कुणी. आपले देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पिंजऱ्यात पाळणं गुन्हा आहे. त्यापेक्षा गल्लीतल्या गावठी कुत्र्यांना रोज दोन पोळ्या घाला आणि रेबीजची लस टोचून घ्या. आपल्या गल्लीतलं कोण आणि परकं कोण, हे त्यांना माणसांपेक्षा जास्त कळतं. कृष्णाकाठ, तुमच्या आई घालत असतील तर त्या गेल्यावरही कुणीतरी घालत राहील असं बघा.

तंत्रमित्र
कॅमेऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मेहुण्यांचं अगदीच चूक नाही. हल्ली वायफायवर चालणारा, हालचाल दिसली की फोनवर सूचना देणारा कॅमेरा दोन-तीन हजारांत मिळतो. त्यातून बोलताही येतं. दारात कोणी रेंगाळलं आणि 'कोण पाहिजे?' असं वरून विचारलं की तो घर रिकामं समजत नाही.

खाकीतून_निवृत्त
तंत्रमित्र, कॅमेरा लावा, पण त्याच्या भरवशावर दार कच्चं ठेवू नका. तोंडाला रुमाल आणि डोक्यावर टोपी असलेल्या माणसाचं चित्रण आमच्याकडे ढीगभर यायचं. चोर जाताना रेकॉर्डिंगचा डबाही उचलून नेतात, कारण तो टीव्हीशेजारीच ठेवलेला असतो. तो माळ्यावर किंवा आतल्या कपाटात ठेवा, नाहीतर चित्रण ऑनलाइन साठवणारा कॅमेरा घ्या. आणि एक कॅमेरा माणसाच्या उंचीवर, चेहरा दिसेल असा हवा. छताजवळून फक्त टोपी दिसते.

तंत्रमित्र
मान्य. अजून एक. जाताना बहुतेक जण मेन स्विच पाडतात आणि मग कॅमेरा बंद, वायफाय बंद. कॅमेरा, राउटर आणि बाहेरचा दिवा यांना वेगळा एमसीबी (बोर्डातला स्वतंत्र स्विच) काढून घ्या. वायरमन अर्ध्या दिवसात करतो. राउटरला छोटा बॅकअप जोडला की वीज गेली तरी काही तास चालतं.

बाहेरच्या दिव्याचं मात्र नीट बघा. चोवीस तास दिवा चालू ठेवून जाणारे लोक आहेत. भर दुपारी पोर्चचा दिवा जळताना दिसला की घरात कुणी नाही हे लांबूनच समजतं. अंधार पडला की लागणारा आणि उजाडलं की विझणारा सेन्सरचा होल्डर घ्या, तो दोन-तीनशे रुपयांत येतो. मागच्या दाराशी हालचालीवर लागणारा दिवा लावा. आतल्या एका खोलीतला दिवा टायमरवर, सात ते साडेदहा.

मुळाकाठ
वर सगळे बाहेरच्या चोरांबद्दल बोलतायत. माझा अनुभव असा की माहिती आतूनच फुटते. कामवाल्या बायका, वॉचमन, आणि रस्त्याकडेला पालं ठोकून राहणारे ते फिरते लोक. त्यांची वस्ती जवळ पडली की आमच्याकडे सगळे सावध होतात.

ओवी
मुळाकाठ, यातल्या शेवटच्या वाक्याला माझा स्पष्ट विरोध आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणूस जन्माला आला की त्याच्यावर चोराचा शिक्का मारायला सुरुवात केली. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची सेटलमेंट होती. तिथली माणसं हजेरी देऊन गिरणीत कामाला जायची आणि परत कुंपणात यायची. देश स्वतंत्र झाल्यावरही ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत त्यांना मोकळीक मिळाली नाही, म्हणून तर त्यांना विमुक्त म्हणतात. आजही कुठं चोरी झाली की पहिल्यांदा त्यांच्या पालांवर लोक चालून जातात. मी भटक्या-विमुक्तांच्या मुलांच्या वसतिगृहात शिकवते. कुठं काही घडलं की माझ्या वर्गातली मुलं दोन दिवस घाबरून गावात जात नाहीत. घर सांभाळायचं म्हणून कुणाच्या जातीवर बोट ठेवू नका.

खाकीतून_निवृत्त
ओवीताईंशी सहमत. नोकरीत मी घरफोड्या करताना इंजिनिअर पकडलाय, शेजारच्याच इमारतीतला कर्जबाजारी माणूस पकडलाय. पाल बघून तपास करणाऱ्याच्या हातून खरा चोर निसटतो.

कामावर ठेवलेल्या माणसाची ओळख पोलिसांकडे नोंदवणं ही वेगळी गोष्ट आहे. भाडेकरू असो, ड्रायव्हर असो, नोंद सगळ्यांचीच करायची, त्यात अपमान नाही.

मुळाकाठ
ओवी, तुमचं वाचून थांबलो. या बाजूनं विचार केला नव्हता. ते वाक्य मागे घेतो.

अंगणवेल
कामवाल्या मावशींच्या बाबतीत मी तर उलट सांगेन. आमच्या मजल्यावरची चोरी शेजारच्या मावशींमुळेच टळली. दोन अनोळखी मुलं लिफ्टमधून उतरून बंद फ्लॅटच्या बेला वाजवताना त्यांनी पाहिली आणि जिन्यातून सरळ खाली जाऊन वॉचमनला घेऊन आल्या. दुपारी इमारतीत जागं असतं कोण? तेच लोक.

लेस्टरची_माई
इकडे इंग्लंडमध्ये आपल्या लोकांच्या घरी चोऱ्या होतात त्या सोन्यासाठीच. भारतीय घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक आहे. दिवाळी आणि लग्नसराईच्या सुमारास पोलीसच पत्रकं वाटतात, दागिने घालून जाताना वरून कोट किंवा शाल घ्या म्हणून.

इकडच्या प्लास्टिकच्या दारांना जे सिलिंडर कुलूप असतं ते मधोमध मोडून चोर आत येतात, त्यामुळे न मोडणारं सिलिंडर बसवून घ्यावं लागतं. म्हणजे लोहारकाम म्हणतात तेच इथंही: कुलूप कितीही महाग असो, ते ज्यात बसवलंय ते कच्चं असलं तर गेलं.

आणि शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरावर लक्ष ठेवायची रीतसर योजना इकडे १९८२ मध्ये चेशर परगण्यातल्या मॉलिंग्टन गावी सुरू झाली. आता गल्लोगल्ली तिच्या पाट्या दिसतात. आमच्या गल्लीत मी एकटीच भारतीय, पण सुट्टीत आम्ही भारतात आलो की समोरच्या आजी आमच्या दारापुढं स्वतःची गाडी लावतात आणि कचऱ्याचा डबा बाहेर काढून ठेवतात. बाहेरून घर रोजच्यासारखं दिसतं.

पाऊलवाट
माई, हे गाडीचं मस्त आहे. कृष्णाकाठ, शेजाऱ्यांना पार्किंगला जागा कमी असेल तर तुमच्या गेटच्या आत लावायला सांगा. त्यांचीही सोय.

वाडा_संस्कृती
थोडं अवांतर. आमचा जुना वाडा वाईत आहे. मोठ्या दरवाजाला मागून अडसर, सागाचं जाडजूड लाकूड, भिंतीतल्या खोबणीत सरकतं. रोजच्या ये-जा साठी दिंडी दरवाजा, त्यातून माणसाला वाकूनच आत यावं लागतं. वाकलेल्या माणसाला हल्ला करता येत नाही आणि आतल्याला तो आधी दिसतो. आजी रात्री अडसर सरकवायची तो घरघर आवाज ऐकल्याशिवाय आम्हाला झोप यायची नाही. आजच्या फ्लश डोअरला तसा अडसर लावता येईल का?

लोहारकाम
हो, येतो. दाराच्या आत दोन्ही बाजूंना भिंतीत यू आकाराचे लोखंडी हूक बसवायचे आणि त्यात चौकोनी पाइप आडवा टाकायचा. घरात माणसं असताना रात्री उत्तम. घर बंद करून जाताना मात्र हाच अडसर मागच्या दाराला आणि गच्चीच्या दाराला लावायचा, कारण ती दोन्ही आपण आतून बंद करून पुढच्या दारानं बाहेर पडतो.

कृष्णाकाठ, गच्चीचं दार हे बैठ्या घराचं सगळ्यात दुबळं दार. तिथं पत्र्याचं दार आणि एक बोटभर टॉवर बोल्ट (सरकती कडी) असतो. शेजारच्या गच्चीवरून किंवा ड्रेनेजच्या पाइपला धरून माणूस वर येतो आणि रस्त्यावरून कुणाला न दिसता निवांत काम करतो. पहिला खर्च तिथं करा. पाइपशेजारी झाडाची फांदी आली असेल तर छाटा.

निरभ्र
आमच्या शेजारचे काका समोरच्या ड्रॉवरमध्ये हजार-दोन हजार मुद्दाम ठेवून जातात. चोराला काहीतरी मिळालं की तो बाकीची नासधूस करत नाही म्हणतात. खरं आहे का हे?

खाकीतून_निवृत्त
त्यावर विसंबू नका. पैसे मिळाले की आणखी असतील असं वाटून तो जास्त शोधतो. कपाटात काहीच मौल्यवान नसेल तर ते कुलूप न लावता सोडा, म्हणजे दार तरी वाकत नाही.

हिशोबनीस
विम्याबद्दल लिहितो, कारण यात फार गैरसमज आहेत. गृहकर्जाबरोबर विमा आहे म्हणजे चोरीचाही आहे, असं लोक धरून चालतात. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आहे. ती आग, पूर, भूकंप, वादळ अशा संकटांसाठी. तिच्यात चोरी येते ती फक्त अशा संकटानंतर सात दिवसांच्या आत, त्याच संकटामुळे झालेली. एरवी घर फोडून झालेली चोरी हवी असेल तर घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. त्यातही जबरदस्तीनं आत शिरल्याच्या खुणा मागतात आणि घर सलग किती दिवस बंद राहिलं तर संरक्षण थांबतं याची अट असू शकते. चार महिने घर बंद ठेवणाऱ्यांनी ती अट वाचून, कंपनीकडून लेखी मंजुरी घेऊनच जावं.

लॉकरचंही तसंच. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाले. बँकेच्या हलगर्जीमुळे, चोरी-दरोड्यामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं २,००० असेल तर २ लाख. आत २० लाखांचं सोनं असलं तरी तेवढेच. तरीही घरापेक्षा लॉकर कितीतरी बरा, फक्त दागिन्यांचा वेगळा विमा काढता आला तर काढा.

अंगणवेल
हे शंभर पटीचं माहीत नव्हतं. धन्यवाद हिशोबनीस.

सोनचाफा_७
आमची सराफी पेढी आहे. सगळ्यांनी आपल्या दागिन्यांचे फोटो आजच काढून ठेवा, पाठीमागच्या बाजूचेही. जुलै २०२१ पासून हॉलमार्कबरोबर प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, येतो आणि एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक वहीत उतरवा. आजीच्या पाटल्या, ठुशी, वज्रटीक यांवर तो नसणार, त्यांचं वजन करून घ्या आणि डाग देऊन जोडलेली जागा, तुटलेली कडी, पुन्हा गाठवलेला मणी अशा खुणा लिहून ठेवा. चोरीचं सोनं सापडलं तर आपलंच आहे हे ओळखवून द्यावं लागतं. पण खरं सांगते, बऱ्याचदा ते वितळवून लगडच हाती येते. आजीची ठुशी परत मिळत नाही. म्हणून ते घरात ठेवूच नका.

विधिज्ञा
सोनचाफाताईंना पूरक. मुद्देमाल जप्त झाला की तो न्यायालयात अर्ज करून सोडवून घ्यावा लागतो. फोटो, पावत्या आणि वजनाची नोंद असेल तर ते लवकर होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा. घरफोडीला कलम ३३१. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, ती पुढं योग्य ठाण्याकडे जाते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची. म्हणजे साताऱ्यात चोरी झाली आणि तुम्ही ठाण्यात असाल तरी थांबून राहायचं कारण नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या.

खाकीतून_निवृत्त
आणि चोरी झालेली दिसली तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. बाहेरूनच ११२ ला फोन. नंतरही काही आवरू नका. लोक वाईट वाटून पसारा उचलतात, कपाट पुसतात आणि बोटांचे ठसे जातात. श्वानपथक येणार असेल तर घरभर शेजाऱ्यांची वर्दळ नको.

साधीसरळ
आमच्या तालुक्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका नंबरवर फोन करून बोललं की नोंद असलेल्या गावातल्या सगळ्यांच्या फोनवर तोच आवाज एकदम जातो. शेतातल्या वस्तीवर चोर आले तेव्हा दहा मिनिटांत अख्खं गाव बॅटऱ्या घेऊन रस्त्यावर होतं. खेड्यातल्यांनी पोलीस पाटलांना विचारून आपला नंबर नोंदवून घ्या.

रानवाटा
हे खरंच उपयोगी आहे. फक्त जमावानं कुणालाही पकडून मारू नये, पोलिसांच्या ताब्यात द्यावं. वाट चुकलेल्या निरपराध माणसांचे जीव गेलेत असे.

वत्सल
ग्रिलबद्दल एक कळकळीची विनंती. चोरांच्या भीतीनं लोक चारी बाजूंनी घर जाळ्यांनी बंद करून घेतात. आमच्या ओळखीच्या घरात स्वयंपाकघरातून आग लागली, दार धुरानं भरलं, आणि खिडक्यांना उघडणारी एकही जाळी नव्हती. माणसं कशीबशी वाचली. निदान एका झोपायच्या खोलीच्या ग्रिलला बिजागरीचं दार ठेवा, आतून कुलूप लावा आणि किल्ली घरातल्या प्रत्येकाला अंधारात सापडेल अशा जागी, पण खिडकीतून हात पोचणार नाही अशी टांगा.

लोहारकाम
वत्सल, मी गिऱ्हाइकाला हे सांगूनच काम घेतो. दोन फूट बाय अडीच फूट तरी उघडायला हवं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप आभार. बाबांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी स्वतः कोयंडा हलवून बघितला आणि सुताराला बोलावलं. आता असं ठरलंय: पुढच्या दाराला बाहेरचं कुलूप न दिसणारं, दाराच्या आत बसवलेलं मोर्टिस लॉक, मागच्या आणि गच्चीच्या दाराला आतून अडसर, दोन सेन्सरचे दिवे, एक कॅमेरा पुढं आणि एक गच्चीच्या जिन्यात. समोरच्या मावशी रोज अंगण झाडून सडा-रांगोळी करायला तयार आहेत. त्यांचा नातू बारावीला आहे, तो पुढच्या खोलीत अभ्यासाला येईल. त्याला शांतता मिळाली म्हणून मावशीच खूश आहेत. दागिने लॉकरमध्ये जातील आणि पोलीस ठाण्यात अर्ज मी येत्या शनिवारी देणार आहे.

दोन शंका. गेटला कुलूप लावावं की नाही? आणि न्हाणीघराच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या आहेत, त्यांचं काय करू?

लोहारकाम
गेटला कुलूप लावा, पण हात आत घालून आतल्या बाजूनं. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही. किल्ली मावशींकडे.

पट्ट्यांची खिडकी मात्र धोक्याची. त्या पट्ट्या वाकवलेल्या अॅल्युमिनियमच्या खाचेत नुसत्या ठेवलेल्या असतात, एकेक सरकवून काढल्या की बारीक अंगाचा माणूस आत. आतल्या बाजूनं बारा एमएमचे उभे गज चार-चार इंचांवर भिंतीत गाडून घ्या. लाकडी चौकटीला स्क्रूनं नको.

निरभ्र
मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. ड्राय बाल्कनीला ग्रिल नाही, फक्त सरकती काचेची खिडकी आहे. सोसायटी बाहेरून ग्रिल लावू देत नाही. काय करता येईल?

लोहारकाम
आधी तपासा, बंद असलेली खिडकी बाहेरून वर उचलली तर रुळातून निघते का. बऱ्याच निघतात. निघत असेल तर ती पूर्ण उघडून वरच्या रुळात दोन स्क्रू असे मारा की त्यांची डोकी थोडी खाली राहतील, पण खिडकी अडकणार नाही. मग वर उचलायला जागाच राहत नाही. बाहेर जाताना खालच्या रुळात मोजून कापलेली अॅल्युमिनियमची पट्टी आडवी टाका, म्हणजे कडी मोडली तरी खिडकी सरकत नाही. आणि ड्राय बाल्कनीतून स्वयंपाकघरात येणाऱ्या दाराला आतून टॉवर बोल्ट वर आणि खाली, दोन्हीकडे लावा. एकच असला तर दार दुसऱ्या कोपऱ्यातून वाकतं.